हलक्या हाताची जुलेखा

जुलेखा मुलाणी चिडलेली नसताना कशी दिसायची, हे मला आठवून सांगता येणार नाही. भोरच्या बाजारपेठेमागच्या बोळात, भावाच्या शिलाईच्या दुकानाला लागून तिची एक खोली होती. खोलीत कॉम्प्युटर, पेटीसारख्या पट्ट्यांचा एक लांब कीबोर्ड, दोन स्पीकर, आणि आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना खिळे मारून लटकवलेल्या जुन्या गोधड्या. दारावर पाटी नव्हती. बोळात शिरलं की तिचं ओरडणं ऐकू यायचं, त्या दिशेनं चालत जायचं. ती गिऱ्हाइकावर ओरडायची, कॉम्प्युटरवर ओरडायची, वीज गेली की विजेवर ओरडायची. आणि एवढी आरडाओरड करून दिवसभर ती करायची काय, तर आवाज कमी करायची.

ही दोन हजार एक-दोन सालची गोष्ट. मी किकवीत राहत होते आणि भोंगवलीच्या शाळेत मराठी शिकवत होते. शाळेच्या गॅदरिंगसाठी मी एक गाणं लिहिलं होतं. एका फोटोग्राफरनं कॉम्प्युटरवर त्याला ढोलकी आणि पेटी लावून दिली होती. मला फक्त त्याच्या कॅसेटी करून हव्या होत्या. कुणीतरी म्हणालं, मुलाणींच्या जुलेखाकडं जा. मी गेले. तिनं फोटोग्राफरनं दिलेली फ्लॉपी कॉम्प्युटरमध्ये घातली, अर्धं कडवं ऐकलं आणि बटण असं दाबलं की मला वाटलं, मोडलंच.

"ह्यो ढोलकीवाला मानूस हाय का पिठाची गिरनी?"

मी म्हटलं, "का? तालात तर आहे."

"तालात गिरनी बी असती, बाई."

मग तिनं मला पडद्यासमोर बसवलं. वर आडव्या पट्ट्या होत्या, म्हणजे सूर. खाली उभ्या काड्या होत्या. प्रत्येक ठोक्याला एक काडी. काडी जितकी उंच, तितका तो ठोका जोरात मारलेला. हे जोराचं माप एकपासून एकशे सत्तावीसपर्यंत असतं. फोटोग्राफरनं जे केलं होतं ते तिनं स्वतः करून दाखवलं: माऊसनं एकेक ठोका टाकत गेली. खाली सगळ्या काड्या एका उंचीच्या उभ्या राहिल्या.

"बगा. कुंपन घातलंय नुस्तं. आन् त्ये बी समदं एकशेसत्तावीसला!"

तिनं एकेक काडी माऊसनं धरून खाली ओढायला सुरुवात केली. पहिली तशीच ठेवली, दुसरी अर्ध्यावर आणली, तिसरी त्याहून थोडी वर. मग परत वाजवलं. सूर तेच, ठेका तोच, पण आता कुणीतरी बसून वाजवत होतं. जोराच्या थापेला शाईवरचा ठणका येत होता आणि हलक्या थापेला नुसतं कातडं बोलत होतं. मला साडेपाचची एसटी गाठायची होती. तिनं मला सोडलं नाही. अख्खं गाणं काडीकाडीनं दुरुस्त केलं, आणि दर दोन मिनिटांनी त्या फोटोग्राफरचा उद्धार केला. माझी एसटी गेली. त्यावरही ती माझ्यावरच चिडली, "आधी न्हाई का सांगायचं?"

'एकशेसत्तावीस' ही तिची शिवी होती. बाजारात एखादा पुढारी भाषण करत असला की ती ओढणी सारखी करत पुढं निघून जायची आणि म्हणायची, "एकशेसत्तावीस." घरी भावजय भांडी आपटायला लागली की हेच. एकदा एका देवस्थानच्या कार्यक्रमाचा सूत्रसंचालक तिच्यासमोर सलग बोलत राहिला, तेव्हा तिनं त्याला तोंडावर सांगितलं, "दादा, जरा ऐंशीवर या." तो बिचारा घड्याळात बघायला लागला.

पालीच्या तरुण मंडळाची पोरं एकदा तिच्याकडं आली. गडाच्या पायथ्याशी त्यांचा कार्यक्रम होता, त्यासाठी गाणं हवं होतं. तिनं सुरुवातीला नुसता एक डफ ठेवला होता, लांबून आल्यासारखा. मग हळूहळू बाकीची वाद्यं. पोरांनी ऐकलं आणि त्यातला एक उठून स्पीकरची वायर हलवायला लागला. त्याला वाटलं, लूज असेल.

"ताई, असलं नको. पहिल्यापासनं फुल्ल पायजे. अंगावर काटा आला पायजे."

"गडावर कंच्या वाटनं जाता तुमी?"

"नेहमीच्या."

"पहिल्या पायरीपासनं पळत जाता?"

"न्हाई... दम लागंल की."

"मंग!"

पोरांना ते पटलं नाही. त्यांनी गाणं दुसरीकडून करून घेतलं. तिला वाईट वाटलं असेल, पण मला दिसला तो फक्त राग. आठवडाभर ती पालीला 'पळती पाली' म्हणत होती.

एक दिवस तिच्या भावानं, यासीननं, त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय शोधून काढली. बटण दाबलं की मशीन सगळ्या काड्या आपोआप थोड्या वरखाली करायचं, म्हणजे माणसानं वाजवल्यासारखं वाटावं. यासीन हौसेनं म्हणाला, "आपा, तुझे कष्ट वाचले." मी तिथंच होते. ती खुर्चीवरून उठली. "मानूस काय कुटं बी कसा बी मारतो व्हय रे? हात दमतो तवा हलका पडतो. नवरीचं घर आलं की जड पडतो. त्याला कारन असतं! ह्याला काय कारन हाय?" यासीन दुकानात गेला आणि मशीनवर बसून जोरजोरात पायडल मारायला लागला.

हा राग तिला वारशात मिळाला होता. तिचे वडील दिलावर मास्तर भोरमध्ये बँड चालवायचे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत भोरपासून वेल्ह्यापर्यंतच्या लग्नांत त्यांचा बँड असायचा. बहुतेक बँडमध्ये मास्तर म्हणजे ट्रम्पेटवाला. इथं मास्तर ड्रमवर होते. गळ्यात ड्रम, हातात दोन काठ्या, आणि वाजवताना चेहरा असा की जणू समोरच्यानं त्यांची सायकल चोरली आहे. त्यांची एक रीत होती. वरात जाताना वाटेत दवाखाना आला, आजाऱ्याचं घर आलं किंवा नुकतंच कुणी गेलेलं घर आलं, की मास्तर डावा पंजा आडवा करून वर धरायचे. तो पंजा वर गेला की बारा माणसांचा बँड एका दमात खाली यायचा. ट्रम्पेट गप्प. फक्त मास्तरांची उजवी काठी, कातड्यावर पाऊस थांबता थांबता पडावा तशी. घर मागं गेलं की पंजा खाली, आणि बँड परत उसळायचा. लोक मास्तरांना बोलवायचे ते या पंज्यासाठी, असं मी म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलंय.

मग मास्तरांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं. तोवर डीजे आले होतेच, त्यामुळं बँड तसाही बसणार होता, तो लवकर बसला एवढंच. मास्तर जुलेखाच्या खोलीत गोधडीच्या भिंतीला टेकून कॉटवर पडलेले असायचे. मी गेले की डोळ्यांनी नमस्कार करायचे आणि लगेच मुलीकडं बघून कपाळाला आठी घालायचे, कारण ती पाहुण्यांना चहा विचारायला विसरायची.

त्या दोघांनी मिळून वरातीची एक धून केली. मास्तरांचीच जुनी चाल, एसटी स्टँडपासून नवरीच्या दारापर्यंतची. सूर जुलेखानं भरले. ड्रम मात्र मास्तरांचा. ती पडद्यासमोर बसायची, कॉट तिच्या मागं ओढलेली असायची, आणि मास्तर डाव्या हाताची बोटं तिच्या खांद्यावर वाजवायचे. बोट जोरात पडलं की ती काडी वर ओढायची, हलकं पडलं की खाली. चुकली की मास्तर चापट मारायचे. "हलका!" एवढा एक शब्द त्यांना स्वच्छ यायचा. "हलका! हलका!" ती उलटून ओरडायची, "अब्बा, ह्याच्या खाली घेतलं तर ऐकूच येनार न्हाई!" मास्तर म्हणायचे, "येतंय." महिनोन्‌महिने हे चाललं. पोळ्या लाटताना खांदा ठणकतो, अशी तक्रार ती माझ्याकडं करायची, आणि मी मलम सुचवलं की चिडायची.

धून पूर्ण झाली तेव्हा तिनं मला बोलावून ऐकवली. मधोमध एक जागा होती. सगळा बँड खाली जायचा आणि उजव्या हाताची ती एकटी काठी राहायची. मास्तर कॉटवर पडून होते. त्या जागेला त्यांनी डावा पंजा वर धरला, आणि जागा संपेपर्यंत धरून ठेवला. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही. बघवलं नसतं.

ती धून पुण्यातल्या एका कॅसेट कंपनीनं घेतली. कंपनीच्या मालकाचं नाव मला माहीत आहे आणि मी ते लिहिणार नाही. त्याला तेवढाही मान मिळू नये. तो स्वतः गाडी घेऊन भोरला आला होता. मास्तरांच्या पायाला हात लावला, "चाचा, तुमची कला महाराष्ट्रात पोचवतो," म्हणाला, आणि जुलेखाकडून ती धून सगळ्या सुट्या भागांसह घेऊन गेला. सुटे भाग म्हणजे ड्रम वेगळा, ट्रम्पेट वेगळा, काड्यांसकट. तिनं विश्वासानं दिलं. आयुष्यात एकदाच कुणाशी गोड बोलली, ते त्याच्याशी.

पुढच्या लग्नसराईत एका दुपारी मी तिच्याकडं होते. बोळाच्या तोंडाशी वरात आली. टेम्पोवर स्पीकरची भिंत, मागं जनरेटर, पुढं घोड्यावर नवरा. आणि धून सुरू झाली. पहिल्या चार सुरांत जुलेखानं मान वर केली. तीच चाल, तेच सूर, तोच ट्रम्पेट. पण ड्रम! कॉटच्या लोखंडी पायापासून माझ्या छातीपर्यंत सगळं एकाच जोरानं हादरत होतं. त्या माणसानं सगळ्या काड्या वर नेऊन एका रेषेत बसवल्या होत्या. एकूण एक.

मास्तरांनी आधी ओळखलंच नाही. मग चाल ओळखली. त्यांचे डोळे उघडले. धून पुढं सरकत होती, आणि ती मधली जागा आली तेव्हा मास्तरांनी डावा पंजा वर धरला.

ड्रम खाली आला नाही.

मास्तरांनी पंजा धरून ठेवला. त्यांना वाटलं असेल, आता येईल, आता येईल. जुलेखा त्या हाताकडं बघत होती. मग ती चप्पल न घालता बाहेर गेली.

मी मागं धावले. ती सरळ टेम्पोसमोर जाऊन उभी राहिली. नाचणारी पोरं तिला धडकली. टेम्पोवर मशीनपाशी बसलेला पोरगा खाली वाकून ओरडला, "ओ मावशी, बाजूला व्हा!"

"बंद कर!"

"काय?"

ऐकू येणं शक्यच नव्हतं. ती टेम्पोच्या चाकावर पाय देऊन वर चढली आणि हाताला लागली ती वायर उपसली. सगळं गप्प झालं. जनरेटर तेवढा घरघरत होता. नवऱ्याचा घोडा तोंड हलवत मागं सरकत होता, आणि त्याला धरणारा माणूस शिव्या देत होता.

नवऱ्याचे चुलते पुढं आले. बाजारात त्यांचं किराणाचं दुकान होतं. मुलाणींचं आणि त्यांचं तीन पिढ्यांचं जाणंयेणं. ते म्हणाले, "जुलेखा, अगं लग्न हाय आमचं. येड लागलं का तुला?"

"तुमच्या लग्नात माझ्या बापानं वाजवलंय, दाजी. तुमचा घोडा बुजला हुता का?"

दाजींनी मान फिरवली. आठवलं असावं. पण मागनं कुणीतरी म्हणालं, "आपलंच गानं हाय की गं, चांगलं वाजतंय, खूश व्हायचं सोडून!" आणि सगळे हसले. खरंच हसले. त्यांच्या हसण्यात काही वाईट नव्हतं, आणि मला आजही त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो. त्यांनी तिला हात धरून खाली उतरवलं, पोरानं वायर जोडली आणि वरात पुढं गेली.

यासीन दुकानाच्या दारात उभा होता. "लोकांच्या वरातीत शिरतेस? उद्यापासनं कोन कपडे टाकंल माझ्याकडं?" ती सरळ खोलीत गेली. मास्तरांचा हात आता खाली होता.

चार दिवसांनी आम्ही दोघी पुण्याला गेलो. त्या माणसाचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. त्यानं हसून स्वागत केलं, थंडा मागवला.

"ताई, जोरात चाललीय आपली धून!"

"जोरातच चाललीय. काड्या कुनी हलवल्या?"

"अहो, हे टेम्पोवर वाजायचंय. गर्दीत हळू ऐकू येत नाही लोकांना."

"लोकांना ऐकू येत न्हाई का तुमी ऐकवत न्हाई?"

"बरं, हे बघा, धून तर बदलली नाही ना आम्ही? एक सूर इकडचा तिकडं केला नाही."

जुलेखा खुर्चीतनं पुढं झुकली. मग म्हणाली, "माझ्या बापाचा उजवा हात गेला तवा डॉक्टरनं काढून न्हाई नेला त्यो. हाय अजून, तितंच, खांद्याला. मोजला तर बोटं बी पाच भरत्यात."

त्याला काही कळलं नाही. त्यानं मला विचारलं, "काय म्हणतायत या?" मी म्हणाले, "तुम्हाला ऐकू येत नसेल." तिथून निघताना तिनं थंड्याची बाटली उचलून त्याच्या टेबलावर उलटी ठेवली. काचेवरून तो रंग पसरत गेला. मी तिला थांबवलं नाही.

यानंतर भोरमध्ये तिला 'वायरवाली' म्हणायला लागले. कामं कमी झाली. मला वाटलं, आता ही सगळं बंद करील. पण मास्तरांनी तिला बंद करू दिलं नाही. एक दिवस त्यांनी कीबोर्डकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "आन हितं."

पहिल्या वेळी ते सांगत होते आणि ती काड्या ओढत होती. आता त्यांना स्वतः वाजवायचं होतं. त्या कीबोर्डला एक गुण होता: पट्टी जितकी जोरात दाबाल, तितकी काडी आपोआप उंच उमटायची. जुलेखानं कीबोर्ड कॉटवर आडवा ठेवला आणि धुनेचा वेग निम्म्याहून कमी केला. मास्तर आधी डाव्या काठीचे ठोके वाजवायचे. ते झाले की त्याच डाव्या हातानं उजव्या काठीचे. नंतर दोन्ही एकत्र करून वेग वाढवला की ड्रम पुन्हा दोन काठ्यांचा व्हायचा. एका दिवसात जेमतेम एखादी ओळ व्हायची. चुकलं की मास्तर पट्ट्यांवर मूठ मारायचे आणि पडद्यावर काड्यांचं जंगल उभं राहायचं. जुलेखा ओरडायची, मास्तर अर्ध्या तोंडानं ओरडायचे, यासीन भिंतीपलीकडून दोघांना ओरडायचा. माझ्या डोळ्यांना ते घर तेवढं सुखी पुन्हा दिसलं नाही.

डाव्या काठीचं सगळं झालं. उजव्या काठीचं मधल्या त्या जागेच्या अलीकडंपर्यंत आलं, आणि मास्तर गेले. सकाळी यासीन उठवायला गेला तेव्हा गेलेले होते.

चाळिसाव्याचं जेवण झाल्यावर काही दिवसांनी मी गेले. ती पडद्यासमोर बसली होती. तिनं मला ऐकवलं. अर्ध्यापर्यंत पूर्ण ड्रम होता, मास्तरांचा, शंका नको. मग बँड खाली गेला आणि जिथं उजवी काठी एकटी यायची, तिथं काहीच आलं नाही. पुढं सगळी धून एका काठीवर लंगडत शेवटपर्यंत गेली.

मी चांगल्या मनानं म्हणाले, "जुलेखा, तुला त्यांचा हात पाठ आहे. आधीची धून आहे, तिच्यातलं बघून तू भर ना तेवढं. कुणाला कळणारसुद्धा नाही."

ती इतक्या वेगानं वळली की खुर्ची भिंतीला लागली.

"कुनाला कळनार न्हाई, म्हनून भरू? त्या पुन्याच्या मानसानं दुसरं काय केलं, बाई? त्यानं बी ह्येच म्हनलं आसंल, कुनाला कळतंय!" तिचा आवाज फाटला. "माझ्या बापानं जेवडं वाजवलं तेवडंच वाजंल. पुडं न्हाई वाजवलं तर न्हाई वाजनार. लोकांनी ऐकावं रिकामं!"

मी पर्स उचलली. तिनं थांब म्हटलं नाही. एसटीत बसल्यावर मला तिचा राग आला, तिच्या बापाचा आला, वरातीत हसणाऱ्या सगळ्यांचा आला. किकवी येईपर्यंत तो उतरला नाही.

पुढं माझी बदली झाली. तिनं ती खोली सोडल्याचं कानावर आलं. धुनेचं काय झालं, ती कुणाला ऐकवली की नाही, मला माहीत नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

शेवटची दिसली ती हायवेलगतच्या एका मंगल कार्यालयात, माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नात. मी उशिरा पोचले होते आणि मांडवात जागा शोधत होते. कोपऱ्यात साउंडच्या टेबलामागं जुलेखा उभी होती. केस पांढरे झालेले, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, हात बटणांवर. नवऱ्याचे दोन मित्र टेबलावर वाकून काहीतरी मागत होते आणि ती मान हलवत होती. एकानं बटणाकडं हात नेला तेव्हा तिनं त्याच्या बोटांवर फटका मारला. तो हात झटकत निघून गेला.

मग तिनं मला बघितलं. मी हात वर केला. इतक्या वर्षांनी भेटतोय, आता हसेल, असं मला वाटलं. ती हसली नाही. तिच्या कपाळावर तीच आठी आली, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात ती माझ्यावर ओरडली, "बाई, स्पीकरच्या म्होरनं हला! मागच्या मानसांनी ऐकायचं कसं?"

मी हलले.